कुठवर कळलं, ते आधी सांग

रानवडेबाईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या घराच्या व्हरांड्यात झाली, आणि त्या भेटीत त्यांनी मला घरात घेतलं नाही. दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन आम्हाला तेव्हा वर्षच झालं होतं. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होतो. दिल्लीच्या एका शाळेत शिकवणाऱ्या कुणी रानवडेबाई रविवारी सकाळी फरीदाबादच्या आपल्या घरी सहावी ते दहावीच्या मुलांचा वाचनवर्ग घेतात, फी घेत नाहीत, असं माझी पत्नी संध्या हळदीकुंकवाला ऐकून आली. म्हणून आठवीतल्या मुक्ताला, आमच्या मुलीला, घेऊन मी गेलो. तिच्यामागोमाग मीही चपला काढू लागलो, तर बाई दारात आडव्या उभ्या.

"तुम्ही बाहेर बसा. पेपर आहे, पाणी आहे. साडेअकराला सोडते."

"पण तिला कुठं काय अडतं, ते सांगायचं होतं."

"ती सांगेल की," असं म्हणून बाईंनी दार लोटून घेतलं.

व्हरांड्यात माझ्यासारखेच आणखी चार-पाच पालक बसले होते. एकानं मला सरकून जागा दिली आणि म्हणाला, "होतं सवयीचं." बाईंच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. व्हरांड्यातल्या मंडळींच्या वतीनं कुणीतरी लिहायला हवं, म्हणून मी लिहितो आहे.

बाईंचं काम थोडक्यात सांगायचं तर असं. लहान मुलांना वाचायला शिकवणारे पुष्कळ असतात. मूल अकरा-बारा वर्षांचं झालं की मोठ्यांना वाटतं, आता याला वाचता येतं, आता फक्त मार्क बघायचे. आणि नेमकं तेव्हाच धडे लांब होतात, शब्द अवघड होतात, मूल गुपचूप मागे पडतं. बाईंनी आपली तीस-पस्तीस वर्षं त्या वयाला दिली. शाळेतही आणि घरीही. त्यांच्या वर्गात मराठी, हिंदी, इंग्रजी कुठल्याही भाषेतलं पुस्तक चालत असे. आठवड्यात जे वाचलं त्यावर अर्धं पान स्वतःच्या शब्दांत लिहून आणायचं, एवढाच गृहपाठ.

आता माझी करामत सांगतो. मुक्ताचा अभ्यास मी घ्यायचो म्हणजे मीच करायचो. सकाळच्या शटल लोकलनं दिल्लीला जाताना तिचा इतिहासाचा, शास्त्राचा धडा मी वाचून काढी, लाल पेन्सिलीनं खुणा करी आणि ऑफिसच्या नोटशीटवर त्याचा मुद्देसूद सारांश लिही. शटलमधले सहप्रवासी विचारायचे, "भाईसाहब, कौन सा इम्तिहान दे रहे हो?" मी नुसता हसायचो. मुक्ता संध्याकाळी तो सारांश पाठ करायची. मार्क बरे पडत होते, म्हणून घरात सगळे खूश.

बाईंचं ते अर्धं पानसुद्धा मी असंच लिहून दिलं. तिसऱ्या रविवारी वर्ग सुटल्यावर बाईंनी मला पहिल्यांदा आत बोलावलं. मुक्ताच्या अक्षरातला कागद त्यांच्या हातात होता. "उपरोक्त प्रकरणाचे अवलोकन केले असता असे निदर्शनास येते की..." अशी त्याची सुरुवात होती.

"मुक्ता, निदर्शनास येतं म्हणजे काय गं?" बाईंनी विचारलं.

मुक्ता निरागसपणे म्हणाली, "बाबांना माहीत आहे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई हसल्या नाहीत. मुक्ताला बाहेर पाठवून त्यांनी शांतपणे विचारलं, सहामाहीत अपठित उताऱ्याला किती मिळाले? तो प्रश्न तिनं कोरा सोडला होता. पूर्वी न वाचलेला उतारा परीक्षेत वाचायचा आणि उत्तरं लिहायची. त्याचा सारांश मी कुठून आणणार? शाळेनं चिठ्ठी पाठवली होती की अपठित उताऱ्यात वेगळं पास होणं सक्तीचं आहे, वार्षिकला असंच झालं तर मुलीला आठवीतच ठेवावं लागेल. ती चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि ती मी कुणालाच दाखवली नव्हती. ती आता बाईंच्या हातात दिली.

बाईंनी ती वाचून परत दिली आणि म्हणाल्या, "आठवी तुमची उत्तम झाली आहे. मुक्ताची राहिली आहे."

मला राग आला होता, हे कबूल करतो. दिवसभर फायली उपसून मी मुलीसाठी एवढं करतो, आणि ह्या बाई मला काय सुनावतात! पण बाईंनी पुढं जे सांगितलं ते इतकं साधं होतं की भांडायला जागाच नव्हती. वार्षिक परीक्षेपर्यंत मी मुक्ताचं पुस्तक उघडायचं नाही. तिला अडलं तर तिनं आधी पुन्हा वाचायचं, मग शब्दकोश बघायचा, मग मैत्रिणीला विचारायचं आणि सगळ्यांत शेवटी मला. मी उत्तर द्यायचं नाही. "कुठवर कळलं, ते आधी सांग," एवढंच म्हणायचं. आणि ती वाचत असेल तेव्हा त्याच खोलीत बसून मी माझं पुस्तक वाचायचं.

"माझं पुस्तक?" मी विचारलं. फायली आणि वर्तमानपत्र सोडून मी पंधरा वर्षांत काही वाचलं नव्हतं. बाईंनी कपाटातून एक जाडजूड कादंबरी काढून माझ्या हातात ठेवली. आठवीतल्या मुलाला द्यावी तशी.

बाईंची ही रीत सगळ्यांना सारखीच होती. हवालदार शिंदे यांच्या पत्नी सुरेखाताई सातवीतल्या मुलाला घेऊन दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून दोन बस बदलून यायच्या. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. व्हरांड्यात त्या अगदी कोपऱ्यात बसायच्या. एकदा त्या बाईंना म्हणाल्या, "मला विंग्रजी येत न्हाई. पोराला मी काय शिकवणार?" बाई म्हणाल्या, "हे फार बरं झालं. तुम्ही भाकऱ्या करताना त्याला सांगा, आज काय वाचलंस ते मला मराठीतून समजावून दे. कळलं नाही तर सोडू नका, पुन्हा विचारा." त्या मुलानं आईला वर्षभरात विजेच्या परिपथापासून लोकसभेपर्यंत सगळं समजावलं आणि तो वर्गात सगळ्यांच्या पुढं गेला. सुरेखाताई व्हरांड्यात मधल्या खुर्चीवर बसू लागल्या.

आमच्या घरी मात्र गाडं अडलं होतं. मुक्ता एका पानावर चाळीस-चाळीस मिनिटं बसायची. माझे हात शिवशिवायचे. ती विचारायची, "बाबा, हे काय आहे?" मी म्हणायचो, "कुठवर कळलं?" ती म्हणायची, "काहीच नाही!" आणि पुस्तक आपटायची. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सात मिळाले. संध्या चिडली. "पुढच्या वर्षी नववी, मग बोर्ड, आणि तुम्हाला आत्ता प्रयोग सुचतायत? बाईंचं काय जातंय? वर्ष पोरीचं जाईल." तिचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. भीती मलाही तीच होती.

मी कच खाल्ली. पुढच्या चाचणीआधी शटलमध्ये बसून भूगोलाच्या धड्याचा सारांश लिहिला आणि गुपचूप तिच्या दप्तरात ठेवला. दुसऱ्या दिवशी मुक्तानं तो घडी न मोडता मला परत दिला. "बाबा, हे तुमचं आहे. माझ्या बॅगेत आलं होतं," ती म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली. त्या चाचणीत तिला नऊ मिळाले.

हे बाईंना कुठून कळलं, ठाऊक नाही. त्याच आठवड्यात कडाक्याच्या थंडीत, शाल गुंडाळून त्या आमच्याकडे चालत आल्या. चहा घेतला आणि संध्याला म्हणाल्या, "तुम्हाला माझा राग येतो आहे, तो बरोबर आहे. पण मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या मुलाचा दहावीपर्यंतचा सगळा अभ्यास मीच केला. शाळेत शिक्षिका ना मी! हुशार आहे, चांगल्या नोकरीत आहे. पण आजही बूट घ्यायचे तर दुकानातून मला फोन करतो." हे सांगून त्यांनी कप खाली ठेवला. मग स्वतःच म्हणाल्या, "तो विचारतो म्हणून मला बरंही वाटतं. ते तर त्याहून वाईट." हा मजकूर मी बाईंच्या आणि त्यांच्या चिरंजीवांच्या परवानगीनं लिहितो आहे. लिहा, म्हणाल्या, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. स्वतःची चूक दुसऱ्याच्या घरी चालत जाऊन सांगणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. त्या दिवसानंतर संध्यानं मार्कांचा विषय काढला नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी खोलीत माझी कादंबरी वाचत बसलो होतो. मुक्ता बाईंच्या कपाटातलं कसलंसं पुस्तक घेऊन बसली होती. आणि ती एकदम मोठ्यानं हसली. एकटीच. पान उलटलं, परत मागं गेली, तेच पुन्हा वाचलं आणि पुन्हा हसली. माझ्या तोंडाशी प्रश्न आला होता, तो मी गिळला. ती कशाला हसली, हे मला आजतागायत माहीत नाही. पण तेव्हा मला रडू आलं, हे मात्र खरं. कादंबरी करुण होती, हे कारण सोयीचं पडलं.

वार्षिकला अपठित उताऱ्यात तिला दहापैकी सहा मिळाले. ती नववीत गेली. एकूण टक्के सहामाहीपेक्षा कमी होते, पण सगळे तिचे होते. मी निकाल घेऊन पेढे द्यायला गेलो, तर बाईंनी एक पेढा घेतला आणि उरलेल्यांचं काय करायचं ते मुक्ताला विचारलं.

दहावीनंतर मुक्तानं सायन्स नको, इतिहास घेणार म्हणून सांगितलं. मी बाईंकडे धावलो. तुम्ही समजवा, तुमचं ऐकेल. बाई म्हणाल्या, "तिनं त्यावर वर्षभर वाचलंय. तुम्ही किती वाचलंत? तिच्याशी बोलायचं तर आधी तेवढं वाचा." मी वाचलं. मग बोललो. मग हरलो. आज मुक्ता तिच्या आवडीच्या कामात आहे आणि ते काम नेमकं काय आहे, हे मला ती कधी कधी फोनवर समजावून सांगते.

निवृत्तीनंतर बाईंचा वर्ग थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही. आता मुलं मोबाइल घेऊन येतात, आणि पालकही. दोघांचे मोबाइल दाराबाहेरच्या टोपलीत जातात. गुडघे दुखतात म्हणून बाई हल्ली खुर्चीत बसून शिकवतात, पण दारात मात्र अजून उभ्याच राहतात.

या लेखाचा कच्चा खर्डा झाल्यावर मी मुक्ताला फोन केला. बाईंवर लिहिलंय, पाठवतो, जरा बघून दे, कुठं काही सुधारायचं तर सुधार. ती म्हणाली, "बाबा, प्लीज. तुमचं तुम्ही लिहा. मी पुस्तकातच वाचेन." म्हणून हा लेख कुणाच्याही हाताखालून न जाता छापायला दिला आहे. यात काही चुकलं असेल, तर ते माझं आहे. आदरणीय रानवडेबाईंना निरोगी आयुष्य लाभो, शंभरी त्यांच्या वर्गातच साजरी होवो, आणि आपल्या मुलांसाठी सगळं करायला निघालेल्या आमच्यासारख्यांना त्यांनी अजून कितीतरी वर्षं असंच दाराबाहेर बसवावं.