साबणाच्या डबीतला प्रोग्रॅमर

बंगळूरला निघाले त्या दिवशी कोल्हापूरच्या स्टँडवर माझी बॅग बंद होईना. माझ्या वडिलांनी, आबांनी, भर फलाटावर ती उघडली, आतली निळी साबणाची डबी बाहेर काढली आणि तिच्या जागी आईनं कुटलेल्या चटणीची बरणी कोंबली. "ही ब्याद ऱ्हाऊ दे हितंच. चटणी ने. तिकडं नुसतं सांबार पिऊन मरशील." गाडी सुटली तेव्हा डबी त्यांच्या हातात होती आणि मेला उंदीर धरावा तशी त्यांनी ती धरली होती.

त्या डबीत माझा प्रोग्रॅमर होता. कॉम्प्युटरवर लिहिलेला प्रोग्रॅम छोट्याशा चिपमध्ये भरायचं यंत्र. कॉलेजात विकतचं एक होतं, काचेच्या कपाटात, कुलपात. सर म्हणायचे, "हात लावू नका, खराब होईल." वा रे वा! वापरलंच नाही तर खराब कशानं व्हायचं? मग मी यूएसबीची जुनी वायर कापली, मोडक्या रेडिओतले रेझिस्टर काढले आणि घरीच बनवला. यातली मेख अशी, की प्रोग्रॅमर बनवायला आधी एक प्रोग्रॅमर लागतोच, त्याच्या आतली चिप भरायला. त्या एका चिपसाठी सरांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठं ते कपाट उघडलं.

माझ्या डबीनं भरलेली पहिली चिप कळंब्याच्या आमच्या विहिरीवर बसवली. पाणी तळाला गेलं की मोटर आपोआप बंद. त्याआधी ती दर उन्हाळ्यात जळायची. भावकी बघायला आली आणि म्हणाली, "पोरगी वायरी जोडत बसलीया, भाकरी कोण थापणार?" मोटरी त्यांच्याही जळायच्या. जळू देत. त्यांची तीच लायकी.

बंगळूरला दुसरे दिवटे भेटले. इथली पोरं तयार किट मागवतात, दोन वायरी खोचतात, फोटो टाकतात आणि स्वतःला मेकर म्हणवतात. वायर सोलायला व्हिडिओ बघतात, मेले! आणि तुम्ही, माझ्यासारखे गाव सोडून आलेले कोल्हापूरकर. ग्रुपवर रोज 'मिस यू तांबडा-पांढरा' लिहिता आणि गावी गेलात की घरी एसी नाही म्हणून हॉटेलात उतरता. तुमचं गावप्रेम त्या वाटीभर रश्श्यातच बुडालेलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात आबांचा फोन आला. "तुझी चिप गेली गं. मोटर जळू नये म्हणून मी विहिरीवर बसून राखण करतोय." गुडघे धरलेला माणूस, डोक्यावर ऊन. वायरमन म्हणत होता, मोटर बंद करणारा तयार डबा मिळतो, तो बसवा. यांचं एकच, "पोरगी यील की."

मी कोरी चिप घेऊन गेले. ऑफिसात भरून नेता आली असती, पण घरचं काम घरच्याच डबीनं करायचं, हा माझा हट्ट. डबी देव्हाऱ्याशेजारी होती. उघडली तर चिप बसवायच्या सॉकेटमध्ये हळदीकुंकवाचा लगदा, पिना गंजून हिरव्यागार.

"आबा, काय केलंय हे?"

"खंडेनवमीला पुजतोय की, कोयत्याच्या शेजारी. तुझं हत्यार न्हवं ते? नारळाचं पाणी बी शिंपडतोय दरसाली."

कपाळ माझं! सरांनी कुलपात ठेवून वाया घालवला, यांनी पुजून. तोंडाला येईल ते बोलले. बोलता बोलता रडूही आलं, कारण भावकीत जिची टिंगल झाली त्या माझ्या वायरींना या माणसानं कोयत्याच्या पंगतीला बसवलं होतं, आणि मला कधी सांगितलंही नव्हतं.

टूथब्रशनं घासून बघितलं, पण सॉकेट गेलंच होतं. ते उपटलं आणि वायरी थेट चिपच्या पायांना डाग देऊन जोडल्या. आबा बॅटरीचा उजेड धरून बसले, तोही वाकडा. चिप भरली गेली. विहिरीवर बसवली, पाणी उतरलं तशी मोटर गपकन थांबली. आबा म्हणाले, "आता घरात जाऊन पडतो."

परत निघताना स्टँडवर बॅग पुन्हा बंद होईना. या खेपेला आबांनी चटणीची बरणी काढली आणि डबी आत सारली. मी डबी काढून त्यांच्या हातात दिली.

"ऱ्हाऊ दे हितंच, कोयत्याशेजारी. फक्त नारळाचं पाणी नको."

"कोरडं कुंकू चालतंय न्हवं?"

"चालतंय."

चालत नाही. पण घासायला मी येणारच आहे की.