कुलूपबाईंच्या टाळ्या

आमच्या संशोधन संस्थेत त्यांना सगळे कुलूपबाई म्हणत. समोर नव्हे, अर्थात, समोर मॅडम. दारावरच्या पाटीवर 'तंत्रज्ञान हस्तांतरण अधिकारी' असं होतं. ते वाचून माणूस शेजारच्या खोलीत डोकावे आणि विचारी, या नक्की करतात काय? त्यांच्या सासूबाईंनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला होता. "सून संशोधनात आहे," त्या शेजारणींना सांगत, "म्हणजे संशोधन नाही करत, पण तिथेच बसते."

काम असं: प्रयोगशाळेत कोणाला काही नवं सापडलं, की त्याचं पेटंट घ्यायचं आणि ते बनवू शकणारी कंपनी गाठायची. मेख एवढीच, की अर्ज दाखल होईपर्यंत चारचौघांत अवाक्षर काढायचं नाही. जगजाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही, आणि नवी नसेल तर पेटंट नाही. शास्त्रज्ञांना हे पटतं, पाळवत नाही.

पहिल्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी भाजलेल्या जखमेवर लावायची पट्टी तयार केली होती. काढताना ती नव्या कातडीला ओढत नसे. ड्रेसिंग बदलताना रुग्ण जे किंचाळतात, ते थांबणार होतं. एक कंपनी यंत्रं बसवायला तयार होती, पण पेटंट असेल तरच. ते हुकलं असतं तर पट्टीचा मुक्काम प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्येच.

प्राध्यापक मूळचे बोलके. लिफ्टमध्ये दोन मजल्यांत अख्खा शोधनिबंध ऐकवणारे. बाईंच्या धाकाने त्यांनी वर्षभर दम धरला होता. अर्ज सोमवारी जायचा, आणि नेमका शुक्रवारी संचालकांचा निरोपसमारंभ आला. संचालक त्यांचे गुरू, तेव्हा दोन शब्द बोलणं आलंच. बाईंनी त्यांना सभागृहाच्या दारातच गाठलं.

"सर, पट्टीचा विषय नको."

"अहो, मी काय कुक्कुलं बाळ आहे? आठवणी सांगणार फक्त."

"आठवणी कुठपर्यंतच्या?"

"तुम्ही फार संशयी आहात हो."

बाई तिसऱ्या रांगेत, प्राध्यापकांच्या पत्नीशेजारी बसल्या. पुढच्या रांगेत औषध कंपन्यांचे पाहुणे. त्यातला एकजण मोबाइल उंच धरून सगळं रेकॉर्ड करत होता. भाषण छान चाललं. संचालकांचा कडकपणा झाला, त्यांची जुनी सायकल झाली. मग प्राध्यापक संचालकांकडे वळले.

"सर, जाता जाता तुम्हाला एक भेट द्यायची आहे. तुम्ही म्हणाला होतात, भाजलेल्यांसाठी काहीतरी कर. तर ऐका, आम्ही एक अशी..."

कुलूपबाई ताडकन उभ्या राहिल्या आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागल्या. एक माणूस उभा राहून टाळ्या वाजवतो म्हटल्यावर उरलेल्यांना बसवेना. सगळं सभागृह उठलं. संचालकांनी डोळे पुसले. सूत्रसंचालकाने धन्यवाद म्हणत माइक काढून घेतला. प्राध्यापक तोंड उघडं ठेवून उभे होते. लांबून ते विनयासारखं दिसलं.

"तुम्हीच का त्या?" पत्नीने टाळ्या वाजवतच विचारलं.

"हो वहिनी. माफ करा."

"माफ कसलं? वर्षभर घर कसं शांत आहे. तुमचा तो अर्ज जरा लांबवता नाही का येत?"

अर्ज सोमवारीच गेला. पुढे कंपनीशी करारही झाला; प्राध्यापकांनी बाईंकडे न बघता सह्या केल्या. त्यानंतर एका संध्याकाळी, बाई घरी निघायच्या बेतात असताना ते खोलीत आले आणि न विचारता बसले.

"आता बोललं तर चालेल?"

"कोणाशीही बोला."

"ज्यांना सांगायचं ते तर गेले मुलाकडे, परदेशी."

"फोन करा की."

"फोनवर त्यात काय मजा?" ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

बाईंनी पर्स खाली ठेवली. "मग मला सांगा."

"तुम्हाला काय सांगायचं? अर्ज तुम्हीच लिहिलात."

"लिहिला हो. पण कातडीला ओढ का बसत नाही, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही."

हे धादांत खोटं होतं. तो भाग त्यांनी वकिलाकडून तीनदा बदलून घेतला होता.

प्राध्यापकांनी खुर्ची पुढे ओढली. "असं? मग पहिल्यापासूनच सांगावं लागेल."

बाईंनी टेबलाखाली पायात सरकवलेल्या चपला हळूच पुन्हा काढून ठेवल्या.