साउथहॅम्प्टनचे खलाशी आणि काकूंची डुलकी

एक लेख लिहायला आम्हाला महिना लागायचा, किस्सा मात्र दर रविवारी आपोआप तयार व्हायचा! साउथहॅम्प्टनला असताना आम्ही तिघांनी इतिहासाचा मराठी ब्लॉग चालवला होता. तेव्हा जो उठे तो ब्लॉग काढत होता. आमचा विषय होता जुन्या बोटींवरून या बंदरात आलेले कोकणातले खलाशी.

तिघं म्हणजे मी, पुण्याहून वर्क परमिटवर आलेला सॉफ्टवेअरवाला. मिलिंद, नागपूरचा, हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर. आणि वैद्यकाका, चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेले, आता रिटायर्ड इंजिनिअर. लेख काकांचे, टायपिंग माझं, टोमणे मिलिंदचे.

*

पहिला लेख टाकला आणि पानावर हिट्स मोजणारा काउंटर लावला. आठवड्यात एकशे बारा! काका हवेत. "लोकांना इतिहास नको असतो असं कोण म्हणतं रे?"

रविवारी त्यांच्याकडे चहाला गेलो, तर काकू वैतागलेल्या. "अरे, यांना सांगा काहीतरी. दिवसभर तेच पान उघडतात, बंद करतात, परत उघडतात!"

मी आणि मिलिंदनं एकमेकांकडे पाहिलं. काका हळूच म्हणाले, "वरचे बारा तरी बाहेरचे असतील ना?"

*

दुसरा लेख आधी काकूंना वाचून दाखवायचं ठरलं. बंदराच्या गोद्या, बोटींची टनेज, कंपन्यांचे करार, तळटीपा एकोणीस! काका रंगात येऊन वाचत होते. तिसऱ्या परिच्छेदाला काकूंची मान कलली. सहाव्याला चक्क घोरणं!

मिलिंद म्हणाला, "काका, याची एक प्रिंट द्या. उद्या थिएटरमध्ये नेतो. इंजेक्शन वाचेल!"

काका चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

*

पाचव्या दिवशी त्यांनीच मला फोन केला. आवाज पडलेला. "खरं सांग, मी इतका बोअर लिहितो?" तीस वर्षं हा माणूस सुट्ट्या घालवून लायब्ररीत कागद उतरवत होता.

मागून काकूंचा आवाज आला, "बोअर नाही हो! पण ती माणसं जेवत काय होती, ते कुठे लिहिलंय तुम्ही?"

काकांनी फोन तसाच ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी लायब्ररी उघडायच्या आधी ते दारात उभे! एका बोटीच्या सामानाची यादी सापडली: तांदूळ, डाळ, तूप, सुकी मासळी, चिंच. त्यावर काकांनी दोन पानी लेख लिहिला. हिवाळ्यात डेकवर कुडकुडणारा एक माणूस चिंचेचा गोळा भिजत घालतो, तिथून सुरुवात. तळटीप एकच!

काकू शेवटपर्यंत जाग्या राहिल्या. वर म्हणाल्या, "आणि अंघोळीला गरम पाणी मिळायचं का?" पुढच्या लेखाचा विषय ठरला!

त्या लेखावर सत्तावीस कमेंट्स आल्या. मी मुद्दाम तपासलं, काकांची एकही नव्हती.

*

कार्डिफचे एक रिटायर्ड मास्तर आमचा प्रत्येक लेख वाचायचे आणि फक्त शुद्धलेखनाच्या चुका कळवायचे. 'ओळ चार, वेलांटी पहिली हवी.' 'ओळ नऊ, अनुस्वार कुठे गेला?' लेख आवडला की नाही, एक अक्षर नाही!

एकदा मी हट्टानं पाच वेळा तपासून लेख टाकला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी ईमेल आली: 'या लेखात एकही चूक आढळली नाही. तुमची तब्येत बरी आहे ना?'

*

काकांना एका कार-बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथे, जुना फोटो मिळाला होता. डेकवर उभे सात खलाशी. आम्ही तो स्कॅन करून ब्लॉगवर टाकला, खाली लिहिलं, 'अज्ञात खलाशी'.

ग्लासगोहून रेवा नावाच्या मुलीची कमेंट आली. ती तिकडेच जन्मलेली. 'डावीकडून तिसरा माझी पणजोबा आहे. माझे बाबाचा सेम चेहरा.'

काकांनी उत्तर दिलं, 'माझी नव्हे, माझे. आणि नुसत्या चेहऱ्यावरून असं ठरवता येत नाही.'

रेवाही हट्टी. तिच्या आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, स्क्रीनवरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मूळ फोटो दाखवायला ती आजीला घेऊन ट्रेननं थेट साउथहॅम्प्टनला आली! आजी ऐंशीच्या पुढच्या, रत्नागिरीकडच्या. साडीवर जाड कार्डिगन, पायात स्पोर्ट्स शूज.

काकूंनी चहा दिला. काकांनी फोटो टेबलावर ठेवला, हातात भिंग दिलं. "सावकाश बघा. घाई नाही. खात्री नसेल तर तसं सांगा."

आजींनी पहिला चेहरा पाहिला. दुसरा पाहिला. तिसऱ्यावर भिंग थांबलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं, कार्डिगनच्या आतून पदर ओढून काढला आणि डोक्यावर घेतला.

काकांनी पेन उघडलं आणि अगदी हळू विचारलं, "नाव काय लिहू?"

आजींनी मान खाली घातली. "मी कसं घेऊ? रेवा, तू सांग गं."