बाप्पासमोर बूट

संस्कृती रक्तातून वाहते, असं म्हणतात. आमच्या घरात ती समोरच्या फ्लॅटमधून आली, कारण कथकचा क्लास दुबईत होता आणि शारजाहून संध्याकाळी तिथे पोचायला दीड तास लागायचा.

ब्याण्णव साली मिरज सोडलं तेव्हा माझी लेक सई तीन वर्षांची होती. गाडी हलताना आईने खिडकीतून चकल्यांचा डबा दिला आणि म्हणाली, "पोरीला आपलं काहीतरी शिकव." मी हो म्हटलं. परदेशी निघालेला माणूस सगळ्यालाच हो म्हणतो.

समोर नोरा राहायची. आयर्लंडची, शाळेत शिकवणारी. संध्याकाळी हॉलमधला गालिचा गुंडाळून ती मुलींना तिकडचा पारंपरिक नाच शिकवायची. सई सातव्या वर्षी तिथे गेली ती परत फक्त जेवायला यायची. कंबरेच्या वर पुतळा, खाली वादळ, असा तो नाच. पूर्वी म्हणे नाचाचे मास्तर गावोगाव फिरत, शेतकऱ्यांकडे मुक्काम करत आणि पोरांना पावलं शिकवत. हात ताठ का, याची नोराकडे तीन कारणं होती: पाद्री रागवायचे, जागा अरुंद असायची, मास्तर कडक होते. तिन्ही खोटी असतील, हेही तीच सांगायची. पुढे आयरिश भाषा वाचवायला निघालेल्यांनी या नाचाचेही नियम केले, मग स्पर्धा आल्या, परीक्षक आले, आणि अलीकडे कुरळ्या केसांचे टोप न् झगमगते झगे. त्यांना 'परंपरा' म्हणताना नोरा डोळा मिचकावायची. गंमत म्हणजे या नाचाचा पहिला जाहीर मेळावा आयर्लंडात झालाच नाही. घर सोडून लंडनला गेलेल्यांनी तो तिथे भरवला. हे ऐकून मला आमचं महाराष्ट्र मंडळ आठवलं आणि उगाच बरं वाटलं.

अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत आई पहिल्यांदा आमच्याकडे आली. भाड्याच्या हॉलमधल्या मंडळाच्या कार्यक्रमात सईने नाव दिलं होतं आणि महिनाभर ती फक्त आजीसाठी सराव करत होती. ऐन वेळी सेक्रेटरी साठेकाकांनी बूट पाहिले. बाप्पासमोर चामडं चालणार नाही, हवं तर अनवाणी नाच, म्हणाले. पण या नाचात ताल बुटांचाच असतो. सई पडद्यामागे बूट मांडीवर घेऊन बसली.

आईने बूट उलटसुलट करून पाहिले.

"कोरे आहेत ना गं?"

"हो आई, अगदी कोरे," मी म्हटलं. पत्रातही मी तिला असंच सगळं छान कळवत असे.

आई साठेकाकांकडे वळली. "अहो साठे, तुमच्या तबल्याला काय केळीचं पान लावलंय?"

तबला स्टेजवर होता. काका बाजूला झाले.

सई नाचली. पहिल्या रांगेत आईची चप्पल तालावर हलत होती. नंतर तिने नातीला विचारलं, "हात का बांधून ठेवले होतेस गं?"

"आजी, दॅट्स द होल पॉइंट."

मिरजेला परतल्यावर आईने आळीभर सांगितलं, की नातीला आपलं सगळं येतं, बाप्पापुढे नाचते. 'आपलं' म्हणजे नेमकं कुणाचं, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. घर कुठलं असं विचारलं, की हल्ली मला मिरज आठवतं, शारजा आठवतं, आणि तो भाड्याचा हॉल.

बूट नोराच्या धाकट्या भाचीचे होते. त्याआधी थोरलीचे.