देवाशेजारची जागा

ते वायरीला हात लावायचे तो पालथा. घरात कुणाला ताप आहे का बघताना आपण कपाळाला लावतो तसा. गाडीतला एसी, दिवे, पंखा, पाण्याचा पंप सगळं एकदम चालू करायला लावायचे, स्वतः बॅटरीशेजारी फतकल मारून बसायचे, जाड वायरीवर पालथा हात टेकवायचे आणि डोळे मिटायचे. आम्ही वाट बघायचो. मग आवाज यायचा, "हाताक गरम लागता."

एवढं ऐकलं की त्या गाडीचं त्या दिवसाचं निघणं रद्द.

दहिसरला चेक नाक्याच्या अलीकडे माझं यार्ड आहे. गोरेगावच्या स्टुडिओंमध्ये नटनट्यांसाठी ज्या व्हॅनिटी व्हॅन उभ्या असतात, त्यांची आतली वायरिंग आम्ही करतो. शिवाय गाडीमागे जोडून न्यायची दोन फिरती घरंही भाड्याने देतो. आत दोन बिछाने, छोटा ओटा, संडास आणि पुढच्या भिंतीला सोफा. यार्डात त्यांना सगळे 'डबा' म्हणतात. हौशी माणसं आपल्या गाडीला डबा जोडतात आणि अलिबागला, महाबळेश्वरला जाऊन येतात.

वायरीला पालथा हात लावणारे ते आमचे वायरमन, त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या गावच्या माणसांना ते आवडणार नाही. आम्ही काका म्हणायचो. अंगाने चांगले दांडगे, पोट पुढे, आवाज खर्जातला. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी दिसतो. काका नवीन गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि तिचं मरण सांगायचे. "ही आतून जळतली." "ही उताराक जातली." तेही पाऊस पडेल म्हणावं इतक्या सहज.

दर वेळी खरं ठरायचं असं मुळीच नाही. माझ्या बोरिवलीच्या इमारतीची लिफ्ट पडणार, असं त्यांनी वास्तुशांतीच्या दिवशी जाहीर केलं आणि सात मजले जिने चढून आले. धापा टाकत पाटावर बसले, तर माझी बायको म्हणाली, "काका, लिफ्ट पडेल तेव्हा पडेल, तुम्ही आज जाल ना!" ते हसले. उतरतानाही जिन्यानेच गेले. लिफ्ट अजून चालू आहे. नाक्यावरच्या चहावाल्याचा स्टोव्ह, माझी स्कूटर, शेजारच्या गॅरेजचा जॅक, सगळ्यांना त्यांनी मरण सांगितलं होतं आणि सगळे मजेत होते. म्हणून आम्ही त्यांची टिंगल करायचो.

पण गाडीच्या बाबतीत टिंगल करून झाली की आम्ही वायर पुन्हा उघडून बघायचो.

ते गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायचे तेही उलटे. डबा भाड्याने घ्यायला आलेला माणूस आपल्या गाडीच्या इंजिनाची ताकद सांगायला लागायचा. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ओढतली ती. थांबतली काय?" ओढणारी गाडी डब्यापेक्षा जड हवी, लांब हवी, असं त्यांचं म्हणणं. चढावर गाडी डब्याला नेते, उतारावर डबा गाडीला नेतो.

एकदा अंधेरीचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. मुलगी हौसेने पडदे बघत होती. काका सोफ्याखालून डोकं बाहेर काढून म्हणाले, "ताई, आज ह्याच्यात झोपू नको हां. हाताक गरम लागता." वायर दुसऱ्या दिवशी बदलून झाली असती, पण त्या मुलीने डब्यात परत पाय ठेवला नाही. तिच्या दोन मैत्रिणींनी पुढच्या महिन्यात डबा घ्यायचं ठरवलं होतं, त्यांनीही बुकिंग रद्द केलं.

मी त्या दिवशी त्यांना बाजूला घेतलं. "काका, गिऱ्हाईक समोर असताना तुम्ही बोलायचं नाही. जे असेल ते मला सांगा, मी बघतो."

"तू बघतलंस?"

"माझं यार्ड आहे ना? मीच बघणार."

त्यांनी मान हलवली. आणि खरंच बोलायचे बंद झाले. गिऱ्हाईक आलं की ओठ घट्ट मिटून उभे राहायचे, हातातला टेस्टर मांडीवर हळूहळू आपटत. त्यांचं बोलणं मला सवयीचं होतं. ते टकटक सुरू झालं, की मात्र गाडीत काहीतरी खोट आहे हे मला कळायचं. तरी मी गिऱ्हाइकाकडे बघून हसत राहायचो. हे मी लिहितो आहे, कारण हसल्याचं मला आठवतं.

गणपतीच्या आधी मुलुंडचे एक केमिस्ट आले. मूळ कोकणातले. आई, बायको आणि ते स्वतः. वर्षानुवर्षं गावी जाताना होणारे हाल आता पुरे, या वर्षी डबा घेऊन जायचं, आणि मूर्तीही मुंबईहून डब्यातूनच न्यायची, असा बेत. त्यांची गाडी नवी होती, दिसायला रुबाबदार, पण आखूड आणि हलकी. काकांचा टेस्टर मांडीवर वाजायला लागला. मी म्हणालो, "झकास गाडी आहे साहेब."

निघायच्या आदल्या दिवशी केमिस्टांचा फोन आला. मूर्ती पुढच्या सोफ्यावर बसवणार, तर आई म्हणते सोफ्याखाली काय आहे? मी सांगितलं: बॅटऱ्या, पाण्याची टाकी, हत्यारांची पेटी. मागून आईंचा आवाज ऐकू आला, "देवाच्या आसनाखाली अ‍ॅसिड? आणि मोरीचं पाणी? अरे, काही रीत आहे की नाही!" केमिस्ट म्हणाले, "तेवढं सगळं मागे हलवता येईल ना, दादा?"

"होईल साहेब," मी म्हणालो.

काकांनी ते काम केलं. बॅटऱ्या मागे गेल्या म्हणजे वायर लांबली. लांब वायर जाड लागते, नाहीतर ती तापते आणि दिवेही मिणमिणतात. मी जुनीच वायर जोडून वाढवा म्हणालो होतो. त्यांनी ऐकलं नाही. स्वतः जाऊन दुप्पट जाडीची वायर आणली, बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज बसवला, सगळं चालू करून पालथा हात टेकवला. थंड. मग उठून म्हणाले, "वायरीचा मी बघितलंय. वजनाचा कोण बघतलो?"

इथे थोडं समजावून सांगायला हवं. डब्याचं काही वजन पुढच्या दांडीवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर यायलाच लागतं. म्हणूनच बॅटऱ्या आणि टाकी पुढे ठेवलेल्या असतात. पुढचं वजन काढून मागे नेलं, की डब्याचं नाक हलकं होतं आणि उतारावर त्याचं शेपूट डोलायला लागतं. एकदा ते जोरात डोललं की पुढच्या गाडीला काही करता येत नाही, ब्रेक मारला तर डोलणं आणखी वाढतं. डबाच तिला फिरवतो. आणि घाटात फिरवायला जागा नसते.

हे मला माहीत होतं. काकांइतकंच माहीत होतं.

सकाळी उजाडताच मंडळी आली. मूर्ती सोफ्यावर बसली, चेहरा रस्त्याकडे. दोन्ही बाजूंना मखराचं सामान, समोर दुर्वांची टोपली. आईंची सून म्हणाली, "बाप्पा आम्हाला पूर्ण प्रवासात दिसायला हवेत," म्हणून केमिस्टांनी आत एक छोटा कॅमेरा लावला होता. त्याचं चित्र पुढच्या गाडीत तिच्या फोनवर येत होतं. सगळी खूश होती. आई तर लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होत्या.

काकांनी जोडायच्या आधी दांडी उचलून बघितली. एरवी दोन माणसं लागायची. ती त्यांच्या एका हाताने वर आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी त्यांना कोपऱ्यात नेलं. "रेतीची दोन पोती टाकू का पुढे?"

"इचार तिका."

मी आईंना विचारलं. त्यांचा चेहरा पडला. "बाप्पाच्या पायाशी रेतीची पोती? अहो, ते पाहुणे आहेत आमचे." केमिस्ट म्हणाले, "दादा, राहू दे ना. हळू चालवतो मी." माझ्याकडे त्यांच्या नात्यातली आणखी चार घरं दिवाळीला डबा घेणार होती. मी म्हणालो, "हळूच चालवा, घाटात जपून." एवढंच म्हणालो. थांबा म्हणालो नाही.

तेव्हा काका पुढे झाले. इतक्या मवाळ आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आई, बाप्पाक धरूक कोणी माणूस नको? वळणाक हलतलो तो."

आईंचे डोळे भरून आले. "तुम्ही बसाल? देवासारखे आलात हो!"

पोतं चालत नव्हतं, पण सेवेकरी चालत होता. काकांनी चपला काढल्या, एका बाजूचं मखर उचलून बिछान्यावर ठेवलं आणि मूर्तीशेजारी, थेट दांडीच्या वर, ते दांडगं शरीर नेऊन बसवलं. डब्याचं नाक खाली गेलेलं मला दिसलं. थोडंसंच.

मी दारापाशी धावलो. दारावर त्यांच्याच हाताने रंगवलेलं होतं, चालू गाडीत आत बसू नये. "काका, उतरा. हे तुम्हीच लिहिलंय."

"गिऱ्हाईक असताना बोलूचा नाय ना?" ते म्हणाले. "मगे तू पण बोलू नको."

आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आईंनी मोरया म्हटलं. यार्डातल्या पोरांनी जोरात उत्तर दिलं. मीसुद्धा दिलं. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मी हात हलवत होतो.

त्या दिवशी मी काही काम केलं नाही. फोन वाजला की उचलायला भीती आणि वाजला नाही की त्याहून जास्त. काकांना लावला तर लागत नव्हता, घाटात कुणाचाच लागत नाही. जेवणाचा डबा बायकोने पाठवला तसाच परत गेला. मी यार्डात डब्याच्या रिकाम्या जागेवर, तेलाच्या डागाकडे बघत बसलो होतो. पलीकडे एक पोरगा ग्राइंडर चालवत होता. त्याचा आवाज थांबला की मला वाटायचं, आता कुणीतरी येऊन सांगणार.

दिवेलागणीला केमिस्टांचा फोन आला. "दादा, पोचलो! काय डबा आहे यार! उतारावर थोडं झुलल्यासारखं झालं, पण मग आपोआप ठीक."

मग काकांचा आवाज. "माणसा पोचली. आता मोठी गाडी घेवन ये नि डबा घेवन जा. ह्यांच्या गाडीक परत जोडू नको."

"आणि तुम्ही?"

"माझो गाव हयसून जवळ आसा. मी येवचंय नाय."

मी दोन दिवसांनी जड ट्रक घेऊन गेलो. डबा ट्रकला जोडून परत येताना वाट वाकडी करून त्यांच्या घरी थांबलो. ते पडवीत बसले होते. चहा दिला त्यांनी. उजवा खांदा त्यांना वर करता येत नव्हता, कप डाव्या हाताने धरला होता. मी म्हणालो, "चला काका. यार्ड तुमचंच आहे. हवं तेवढं बोला."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुझ्याकडे मी गप रवाक शिकलंय रे," ते म्हणाले. "ह्या वयात वाईट शिकलंय."

मी माफी मागितली. त्यांनी "चहा घे, निवतलो," एवढंच उत्तर दिलं.

गणपती आटोपून केमिस्ट मुलुंडला परतल्यावर मी त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. वजन, दांडी, काका आत का बसले ते. मला वाटलं होतं ते माझी गचांडी धरतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कशाला मनाला लावून घेता, दादा? बाप्पा होता ना आत." आईंनी प्रसादाचा लाडू दिला. तो लाडू मी त्यांच्यासमोर खाल्ला.

काका शिमग्याच्या सुमारास गेले. हृदयविकार. त्यात डब्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले असं त्यांच्या पुतण्याने सांगितलं. मी विचारलं नव्हतं, त्याने आपणहून सांगितलं.

बातमी कळली तशी आईंच्या सुनबाईंनी, म्हणजे केमिस्टांच्या पत्नीने, एक व्हिडिओ पाठवला. घाटातला. कॅमेऱ्यात तो आपोआप साठला होता. त्यांनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता, खाली 'निष्ठावंत सेवेकरी' असं लिहून. त्याखाली नमस्काराच्या हातांची रांगच्या रांग होती. कुणीतरी लिहिलं होतं, बघा, ओठ हलत आहेत, पूर्ण घाट नामस्मरण चालू.

चित्रात मूर्ती आहे आणि शेजारी काका. एक हात मूर्तीच्या पाठीमागून टाकलेला, दुसरा पुढच्या भिंतीला रेटलेला. मग मुकुट थरथरतो. मखराचा एक खांब बिछान्यावरून खाली घरंगळतो. डबा डोलायला लागलेला असतो. काका मूर्तीला तशीच कवेत धरून सगळं शरीर पुढे फेकतात, उजवा खांदा भिंतीवर आदळतो, आणि ते तिथेच, शक्य तितकं पुढे, दांडीच्या अगदी वर दाबून धरून राहतात. ओठ हलत असतात.

मी तो खूप वेळा बघितला आहे. ओठांवरून कळतं, ते देवाचं नाव नाही. ते पुढे गाडी चालवणाऱ्याशी बोलत आहेत. ब्रेक नको. ब्रेक मारू नको. अ‍ॅक्सिलरेटर सोड, हळूहळू सोड. पुन्हा पुन्हा तेच.

पुढच्या गाडीत तेव्हा सुनबाईंच्या हातात फोन होता आणि आई त्यात काकांना बघत होत्या. कॅमेऱ्यातून आवाज येत नव्हता. त्यांना असं देवाला मिठी मारून बसलेलं बघून आपण हात जोडले, असं आईंनी मला सांगितलं.