बापूभाऊंचा देव, गजभियेचा पुरावा

रोज त्याच माणसांनी त्याच टपरीवर चहा प्यायला की किस्से साचतातच. त्यात एक देव मानणारा आणि एक न मानणारा असला, तर मग विचारूच नका. भिलाईत रशियनांच्या मदतीनं पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हाचे माझ्याजवळ इतके आहेत, की पाहुणा आला की बायको आधीच म्हणते, 'आता बसा, यांचं सुरू झालं.'

बापूभाऊ आमचे चार्जमन, म्हणजे पाळीचे प्रमुख. वर्धेकडचे. अंघोळ, पूजा आणि कपाळाला गंध झाल्याशिवाय ड्यूटीवर यायचे नाहीत. गजभिये भट्टीवर होता. नागपूरला दीक्षा घेऊन, घरातले देव सोडून आलेला. मी फिटर. माझं काम दोघांच्या मध्ये बसून भजी खायचं.

बापूभाऊंच्या घरी कमलवहिनी होत्या. त्यांना हृदयाचा आजार. डॉक्टर फारसं आशेनं बोलत नव्हते. बापूभाऊ देवाजवळ एकच मागायचे, हिला राहू दे. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मी एकदा गजभियेला म्हटलं, 'जाऊ दे न बे, देवाचा पुरावा मागून कावून छळतं त्याईले?' तर बापूभाऊच मला रागावले. 'विचारू दे त्याले. घरी कोणी विचारत नाही, देवळात कोणी विचारत नाही. हा एकच तं आहे.'

*

भट्टीच्या आत पाहायला निळी काच लागते. उघड्या डोळ्यांनी पाहिलं की नुसता उजेड, आणि नंतर डोळ्यांतून पाणी. बापूभाऊंनी एकदा ती काच हातात घेतली.

'पाह्य गजभिये. भट्टी आहे का नाही? आहे. पण काचेशिवाय दिसते का? देवाचंही असंच आहे.'

'भाऊ, हे काच मी घेतली तं मले भट्टी दिसते. यानं घेतली तं याले दिसते. रशियन साहेबानं घेतली तं त्याले दिसते. तुमची काच द्या न एक दिवस मले.'

बापूभाऊंनी काच त्याला परत दिली आणि कामाला गेले. दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात यायच्या आधीच म्हणाले, 'पहिल्या दिवशी तुले काचेतून काय दिसलं होतं?'

गजभिये खोटं बोलायचा नाही. 'काहीच नाही. नुसतं पिवळं पिवळं.'

'आन आता?'

'आता माल शिजला का कच्चा आहे, ते समजते.'

'मंग? काच तेच आहे, भट्टी तेच आहे. डोळा शिकला. माह्या आजानं, माह्या बापानं मले पाह्याले शिकवलं.'

मला वाटलं, आता गजभिये चीत. त्यानं भजं खाल्लं, हात पुसले आणि म्हणाला, 'मानलं भाऊ. पण मी म्हटलं माल शिजला, तं लॅबवाला सॅम्पल पाहून सांगते का मी बरोबर होतो का चूक. तुमची लॅब कुठे आहे?'

तेव्हापासून आमच्यात कोणी काही फेकलं की दुसरा म्हणायचा, 'लॅब कुठे आहे?' बापूभाऊंनी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. मला एकट्याला म्हणाले, 'पोट्ट्यानं बरोबर विचारलं रे.'

*

विश्वकर्मा पूजेला बापूभाऊंनी नारळ फोडला आणि तो नासका निघाला. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. बापूभाऊंचा चेहरा उतरला. त्यांना नारळ नाही, वहिनी दिसत होत्या, हे मी शपथेवर सांगतो.

रशियन साहेबानं दुभाष्याला विचारलं, काय झालं. दुभाष्यानं सांगितलं. साहेब म्हणाला, 'मग दुसरा आणा.'

दुसरा चांगला निघाला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चहाच्या वेळी गजभिये म्हणाला, 'भाऊ, दुसराबी नासका निघाला असता तं?'

'तं तिसरा.'

'म्हणजे देव हो म्हणेपर्यंत नारळ फोडत राह्यचे?'

'तुह्या लॅबमध्ये सॅम्पल फेल झालं तं तू भट्टीले कुलूप लावतं का? दुसरं घेतंच न?'

त्या दिवशी भज्यांची दुसरी प्लेट बापूभाऊंनी मागवली.

*

त्या रशियन साहेबावर गजभियेचा फार भरवसा. त्यांच्या देशात देव नाही, पूजा नाही, सगळं हिशोबानं. 'माणूस असा पाह्यजे,' म्हणायचा.

एके दिवशी पोलाद ओतायच्या आधी साहेबानं हळूच लाकडी टेबलावर बोटांनी टकटक केलं, तिकडे नजर लागू नये म्हणून करतात तसं. गजभियेनं पाहिलं. दुभाष्याला मध्ये घालून विचारलं, 'साहेब, हे काय? देव?'

साहेब लाजला. म्हणाला, 'देव नाही. आजी.'

गजभिये दिवसभर नाराज होता.

*

हा मात्र हसायचा किस्सा नाही. गजभियेची आई गावाहून खुर्सीपारला त्याच्या घरी आली, तेव्हा मी आणि बापूभाऊ भेटायला गेलो. म्हातारीनं चहा ठेवला. भिंतीत एक रिकामा कोनाडा होता. त्याच्यापुढून जाताना म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला.

बापूभाऊंना राहवलं नाही. 'मायबाई, तिथं तं काही नाही, मंग पदर कावून?'

'हात जाते बाप्पा सवयीनं,' ती म्हणाली. मग चहा गाळता गाळता अगदी साध्या आवाजात म्हणाली, 'गावी अशाच कोनाड्यात देव होता न, तवा आमाले गावच्या विहिरीवर जाऊ देत नव्हते. देव रोज पाहे.'

बापूभाऊंनी चहा घेतला. नंतर पाणी मागितलं, तांब्याभर प्यायले. वाटेत सायकल हातात धरून चालत होते, बसले नाहीत. पुढं कधीही त्यांनी गजभियेसमोर 'देव सगळ्याईले सारखं पाह्यते' हे वाक्य म्हटलं नाही. आधी फार म्हणायचे.

*

वहिनींना दवाखान्यात नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं होतो. गजभियेनं आपल्या डब्यातली भाकरी बापूभाऊंपुढं सरकवली. त्यांचा उपास होता, नवस बोलले होते. गजभियेनं डबा बंद केला, आणि स्वतःही जेवला नाही.

बराच वेळ गेल्यावर बापूभाऊच म्हणाले, 'विचार न आज. पुरावा काय म्हणून.'

'आज सुट्टी आहे माही,' गजभिये म्हणाला.

वहिनी वाचल्या नाहीत.

*

आता शेवटचा. पूजेनंतर बापूभाऊ एका लहान पितळी डबीत खडीसाखर घेऊन यायचे आणि टपरीवर सगळ्यांना द्यायचे. हे रोजचंच होतं, म्हणून मी आतापर्यंत सांगितलं नाही. गजभिये रोज म्हणायचा, 'साखर म्हणून द्या, खातो. प्रसाद म्हणून नाही.' आणि बापूभाऊ म्हणायचे, 'साखर कसं म्हणू रे? खोटं होईन.' म्हणून गजभियेच्या वाट्याला कधी एक खडा आला नाही.

तेरवी झाल्यावर बापूभाऊ ड्यूटीवर आले. कपाळाला गंध नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं, की मी दुसरीकडे पाहू लागलो. चहा आला. त्यांनी खिशातून डबी काढली, उघडली आणि सगळ्यांत आधी गजभियेपुढं धरली.

'घे. साखरच आहे.'

गजभियेनं डबीकडे पाहिलं, त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. हात पुढं केला नाही.

'घे न बावा. तुलेच पाह्यजे होती न साखर? दुकानातून आणली आन डबीत टाकली. मधी कुठं ठेवली नाही.'

गजभियेनं डबीचं झाकण लावलं आणि डबी त्यांच्या हातात परत दिली.

'उद्या देवापुढं ठेवून आणजा, भाऊ.'

'मंग खाशीन?'

'नाही,' गजभिये म्हणाला. 'पण तुमी आणजा.'