तिच्या आवाजाची गोळी

माझी बायको टेलिफोन ऑपरेटर होती. नागपुरातून बाहेरगावी जाणारे ट्रंक कॉल ती जोडून देत असे. ऑपरेटरला कानावरच्या हेडफोनमधून स्वतःचाही आवाज ऐकू येतो. तिची थायरॉईड ग्रंथी मंदावल्याचं तिला डॉक्टरांच्या आधी तिथेच जाणवलं. आवाज घोगरा झाला होता आणि आकडे उच्चारायला वेळ लागत होता.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. रोज सकाळी उपाशीपोटी एक, जन्मभर. ही गोळी तेव्हा आमच्याकडे दोन कंपन्यांची मिळे. एकीची तपकिरी काचेच्या बाटलीत, दुसरीची पत्र्याच्या डबीत. डॉक्टरांच्या मते दोन्हींत औषध एकच होतं. बायकोने दोन्ही घेऊन पाहिल्या. बाटलीतल्या गोळीवर आवाज मोकळा राही. डबीतली सुरू केली की महिन्याभरात जड होई. याला कागदोपत्री पुरावा नव्हता. तिचा कान हाच पुरावा होता आणि मी तो मानत होतो.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा बाटली दुकानांतून दिसेनाशी झाली. सीताबर्डीवरचा आमचा औषधवाला मात्र ती देत राहिला. त्याच्या गल्ल्यामागे एक लाकडी कप्पा होता. माल कमी आला की नेहमीच्या गिऱ्हाइकांची औषधं तो त्यात काढून ठेवी, प्रत्येक औषधाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी गुंडाळून. आमच्या बाटलीच्या चिठ्ठीवर ‘पेपरवाले’ असं लिहिलेलं असे. मी एका दैनिकात वार्ताहर होतो.

एका दुपारी मी दुकानात उभा असताना एक बाई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. नरखेडकडच्या गावातून एसटीने आली होती. चेहरा सुजलेला, बोलणं संथ. बायकोचा आजार मला पाठ होता. चिठ्ठी न बघताही औषध ओळखता आलं असतं.

“नाही आहे, बाई,” दुकानदार म्हणाला. “कंपनीकडूनच माल नाही.”

ती गेली. त्याने कप्प्यातली बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. मी ती खिशात घातली आणि ऑफिसात जाऊन बातमी लिहिली.

बातमी अकरा ओळींची होती. टंचाई, परगावच्या रुग्णांचे हेलपाटे, आणि शेवटी एक वाक्य: ‘सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरील एक औषधविक्रेता ओळखीच्या ग्राहकांसाठी साठा राखून ठेवत असल्याचे आढळले.’ टंचाई सगळेच लिहितात, तिचं कारण कोणी लिहीत नाही, असं मला वाटलं होतं. अक्षरन् अक्षर खरं होतं.

सकाळी बायकोने बातमी वाचली.

“खरं आहे सगळं,” ती म्हणाली. “त्यातली एक बाटली आपली आहे, ते काहून नाही लिहिलं?”

“बातमीत आपलं घर आणायचं नसतं.”

“आणलं तर आहे तुम्ही,” ती म्हणाली आणि डबा घेऊन ड्यूटीवर गेली.

तिसऱ्या दिवशी दुकानात औषध निरीक्षक आले. कप्पा रिकामा करायला लावला. बाटल्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवेल त्याला, माणशी एक, अशा विकल्या गेल्या आणि संध्याकाळपर्यंत संपल्या. दोन वाचकांनी आभाराची पत्रं पाठवली. संपादकांनी त्यातलं एक फलकावर लावलं. नरखेडच्या बाईला बाटली मिळाली का, हे मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

आमची बाटली तळाला गेली तेव्हा मी दुकानात गेलो.

“या, पत्रकार साहेब,” दुकानदार म्हणाला. “काय देऊ?”

“नेहमीची बाटली.”

“ते तं नागपुरात मिळूनच नाही राहिली. मी नाही म्हणत भाऊ, पेपरात आलं आहे.”

“हिच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

“वहिनीले मी ओळखतो ना. इतके दिवस वहिनीची बाटली कोणं ठेवली? तुमच्यासाठी लपवली तं मी चांगला माणूस, दुसऱ्यासाठी लपवली तं चोर. हे कोण्या शाळेत शिकवते, तेवढं सांगून जा.”

शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं.

“डबीवाली घेऊन जा,” दुकानदार म्हणाला. “तिच्याविरुद्ध अजून काही छापून नाही आलं.”

मी डबी घेतली. नंतर कामठीलाही जाऊन आलो. छावणीजवळच्या दुकानांतही डबीच होती.

पाचव्या आठवड्यात आवाज गेला. पूर्ण गेला नाही. जाड झाला आणि मागे पडू लागला. अमरावतीचा एक व्यापारी लाइनवर म्हणाला, “झोपून राहिल्या काय, बाई? तीनचा आकडा सांगाले तीन मिनिटं लावता.” शेजारच्या बोर्डावरची मैत्रीण म्हणाली, “हिच्याकडं कॉल बुक करून पोरीचं लग्न जमवाले घ्या वं. लग्न आधी लागते, कॉल मंग.” बायकोने हे मला जेवताना सांगितलं, मैत्रिणीच्या ठसक्यात सांगायचा प्रयत्न केला, आणि तो ठसका तिला जमला नाही.

मग एके दिवशी तिने दोन तातडीचे कॉल एकमेकांच्या जागी जोडले. लेखी तक्रार झाली. सुपरवायझर बाई सभ्य होत्या. त्यांनी तिला मागच्या खोलीत बसवलं, जिथे झालेल्या कॉलच्या चिठ्ठ्यांवरच्या वेळा तपासल्या जात. तात्पुरतं, असं त्या म्हणाल्या.

पावसाळा संपल्यावर बाटली बाजारात आली, सगळ्या दुकानांत, हवी तितकी. दोन महिन्यांत बायकोचा आवाज पूर्ववत झाला. तिने बोर्डावर परत घेण्यासाठी अर्ज केला. जागा भरल्या गेल्या आहेत, असं उत्तर आलं. दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं नाही. मी कोणाशी तरी बोलून पाहतो म्हणालो.

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही कोणाशी बोलू नका.”

पुढच्या खेपेला औषध आणायला निघताना मी सवयीने विचारलं, बाटलीच आणू ना.

“कोणतीही आणा,” ती म्हणाली. “तिथं दिवसभर तोंड उघडावं लागत नाही.”

मी बाटलीच आणली. निवृत्त होईपर्यंत ती मागच्या खोलीत चिठ्ठ्या तपासत होती. आवाज शेवटपर्यंत स्वच्छ होता.